वाडीवरच्या मुलांचं वजन: कागदावरचा आकडा खरा कसा करायचा?

पळसफूल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात एका लहानशा संस्थेबरोबर काम करते. पाच पाडे आहेत. महिन्यातून एकदा आम्ही सहा वर्षांखालच्या मुलांची वजनं, उंची आणि दंडघेर घेतो. परवा एका बावीस महिन्यांच्या मुलीचं वजन केलं, ८ किलो १०० ग्रॅम भरलं. तिच्या आईने पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढून दाखवलं. त्यावर मे ९.३, जून ९.३, जुलै ९.३. ९.३ म्हणजे हिरव्या पट्ट्यात (वजन ठीक), ८.१ म्हणजे सरळ पिवळ्यात (वजन कमी); त्याखाली लाल, म्हणजे फारच कमी. मी दोनदा, तीनदा वजन केलं, तेवढंच आलं. आईने विचारलं, "मंग तीन महिनं हिला बरं व्हतं ना?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे.

अंगणवाडी सेविकेवर मला बोट ठेवायचं नाही, ती बाई मनापासून राबते. मला समजून घ्यायचंय की हा आकडा चुकतो कुठे आणि सुधारायचा कसा. फक्त वजनच नाही, मुलांच्या तब्येतीची, एकंदर बरं असण्याची कुठलीही नोंद घ्या. तुमच्यापैकी कुणी हे काम केलं असेल तर सविस्तर लिहा.

जुनी_मुख्यसेविका

पळसफूल, बाळा, हा धागा काढलास हे फार चांगलं केलंस. मी एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका होते, माझ्या बीटमध्ये पंचवीसच्या वर अंगणवाड्या होत्या. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आकडा चुकायच्या तीन जागा असतात. पहिली काटा. लटकता काटा छताच्या वाशाला वर्षानुवर्षं टांगलेला असतो, स्प्रिंग सैल पडते. झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर आणायचा असतो, ते घाईत राहून जातं. मी फिरतीवर जाताना पिशवीत एक किलो मिठाच्या पाच सीलबंद पुड्या नेत असे. वजनाच्या दिवशी आधी मीठ टांगायचं, मग मूल. पाच किलोला पाच किलो दाखवलं तर पुढे जायचं. इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी ही सवय सोडू नका. सेल उतरला किंवा जमीन सपाट नसली तर तेही फसवतात.

दुसरी जागा वेळ. ठरल्या दिवशी सगळी मुलं येत नाहीत. कुणी मामाकडे, कुणी आईबरोबर आवणीला. मग घरोघर काटा घेऊन फिरायचं. जी सापडली नाहीत त्यांच्यापुढे मागच्या महिन्याचा आकडा येतो. तुला दिसलेलं ९.३, ९.३, ९.३ बहुधा हेच.

तिसरी जागा सांगायला जड जाते. भीती. आमच्या मासिक बैठकीत ज्या अंगणवाडीत लाल मुलं जास्त, तिच्या सेविकेला उभं करून विचारलं जायचं, "तुमच्याकडेच का?" खरं म्हणजे जिने मूल शोधून काढलं तिची पाठ थोपटायला हवी. पण उभं राहावं लागायचं तिलाच. दोन बैठकींनंतर तिसऱ्या महिन्याला ती मुलं कागदावर पिवळी व्हायची. मी स्वतः त्या बैठका घेतल्या आहेत. वरून मला विचारणा व्हायची, मी खाली विचारायची. आज त्याचं फार वाईट वाटतं. एका मुलाला त्यामुळे कुपोषित मुलांसाठीच्या बालविकास केंद्रात दाखल करायला महिनाभर उशीर झाला. ते वाचलं, पण तो महिना मी विसरलेले नाही.

कोकणकडा

मुख्यसेविका काकू, मिठाच्या पुड्यांची युक्ती लाख मोलाची. आमच्याकडच्या एका शिबिरात पोरगं काट्यावर चढलं ते आजीचा पदर घट्ट धरून. आजीही अर्धी ओढली गेली आणि वजन दोन किलोने वाढलं! सगळी वाडी हसली, मग पदर सोडवून पुन्हा मोजलं.

मीठभाकर

थोडा कडू बोलतो, राग मानू नका. दर महिन्याला मोजून कुणाचं पोट भरतं? एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. म्हणजे पन्नास वर्षं आपण पोरं मोजतोय. अजून किती मोजणार? तोच पैसा, तेच मनुष्यबळ अंडी आणि डाळ-तेलात घाला.

अंकगणित

मीठभाकर, तुमची चीड पटते. पण अंडी कुणाला आधी द्यायची हे कसं ठरवणार? दिसायला दोन्ही मुलं सारखीच असतात. पिवळ्यातलं मूल डोळ्यांनी ओळखता येत नाही, लाल झालं की मगच दिसतं आणि तोवर उशीर होतो.

मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. पळसफूल ताई, तुमच्यासाठी एक सोपी तपासणी सांगतो, कागद-पेन्सिल पुरते. काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर वजनाचा शेवटचा आकडा ० ते ९ पैकी कुठलाही येऊ शकतो आणि बऱ्याच मुलांत मिळून प्रत्येक साधारण सारख्याच वेळा यायला हवा. तुमच्या वहीत निम्म्या मुलांची वजनं .० किंवा .५ वर थांबत असतील तर समजा, कुठेतरी नजरेने पूर्ण केली आहेत. दंडघेराचंही तेच. ११.५ सेंटिमीटरच्या खाली मूल तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्यम. म्हणून ११.६ आणि १२.६ वर मुलांची गर्दी दिसली की थांबून विचारा. फीत जरा सैल धरली तरी मूल रेषेच्या पलीकडे जातं.

उंचीत आणखी एक गफलत होते. दोन वर्षांखालच्या मुलाला पाटीवर झोपवून लांबी मोजायची, दोन वर्षांपुढे उभं करून उंची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत या दोन्हींत ०.७ सेंटिमीटरचा फरक धरलेला आहे. रडतंय म्हणून वीस महिन्यांच्या मुलाला उभं करून मोजलं तर ते उगाच खुजं दिसतं. आणि लांबी एकट्याने मोजता येत नाही. एकाने डोकं पाटीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून तळवे सरळ करायचे. दुसरा माणूस आईच असली तर उत्तम.

आणि वय! जन्मतारीख नक्की नसेल तर उंचीच्या आकड्याला अर्थ राहत नाही. "होळीच्या आसपास झाला" असं आई म्हणाली तर होळीच्या आधी की नंतर, तेव्हा घरात मोहाची फुलं वाळत होती का, असं विचारत विचारत महिना पक्का करावा लागतो.

टेंभी

माझी आई सेविका आहे म्हणून लिहितो. सकाळी नऊला अंगणवाडी उघडते. खिचडी, हजेरी, पूर्व प्राथमिक, दुपारी गृहभेटी, टीएचआरची (घरी न्यायच्या आहाराची) पाकिटं वाटणं. मध्येच निवडणुकीचं काम, कधी दुसराच कुठलातरी सर्वे. संध्याकाळी स्वयंपाक झाला की ती आणि मी गावाबाहेरच्या टेंभीवर चढतो, कारण रेंज तिथेच येते. मी टॉर्च धरतो, ती एकेक मूल पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरते. भरता भरता ॲप अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर तेच कागदी रजिस्टरमध्ये, कारण बैठकीला रजिस्टरही लागतं.

२०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी मोबाईल परत केले होते, तेव्हा लोकांना वाटलं यांना काम नको. काम नको नव्हतं. दिलेले फोन जुने होते, पोषण ट्रॅकर इंग्रजीत होता. माझी आई सातवी शिकलेली. तिला प्रत्येक मुलाचं नाव, आजार, घरची भांडणं सगळं तोंडपाठ आहे. ॲपला ते काहीच नको असतं, फक्त आकडा हवा असतो.

तुम्ही म्हणता माहिती सुधारा. मग आधी तिला एकदाच लिहायला लावा. एक जागा, एक वेळ, मराठीत.

जुनी_मुख्यसेविका

टेंभी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तू टॉर्च धरतोस हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

बीडकर_मास्तर

आमच्याकडचा पेच वेगळा आहे. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान लेकरं सोबत, मोठी एखाद-दुसरी म्हातारीपाशी. पाडव्याच्या आगेमागे परत येतात. या सहा महिन्यांत त्या लेकराचं वजन कोण करणार? इथल्या अंगणवाडीच्या यादीत नाव आहे पण मूल नाही. कारखान्याच्या तळावर मूल आहे पण यादीत नाव नाही. राज्याने स्थलांतर नोंदवायला महाएमटीएस नावाची सोय केली आहे, कल्पना चांगली आहे. पण उसाच्या फडातल्या कोपीपर्यंत, म्हणजे झोपडीपर्यंत, कुणीतरी पायी जायला हवं, तेव्हा ती नोंद पुरी होते.

माझ्या शाळेत पहिलीत आलेल्या एका मुलाच्या आईने लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून जपलं होतं. कोपीत पाणी शिरायचं म्हणून. त्या कार्डावर तीन जिल्ह्यांचे शिक्के होते. बाकी कुठल्याही रजिस्टरपेक्षा त्या तीन पिशव्यांत त्या पोराची खरी माहिती होती. म्हणून माझं म्हणणं, माहिती आईच्या हातात ठेवा. ती जिथे जाईल तिथे माहिती जाईल.

ठिपका

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. मी इंग्लंडमध्ये असते. इथे बाळ झालं की आईला एक लाल वही देतात, सगळे 'रेड बुक' म्हणतात. वजन, लसी, पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं त्यात. डॉक्टर बदलला, गाव बदललं तरी वही आपल्याकडेच. माझ्या मुलीची अजून जपून ठेवली आहे. आपल्याकडचं माता-बाल संरक्षण कार्ड याच जातीचं आहे, आलेखसुद्धा आत छापलेला असतो. पण तो आईला समजावून सांगतात का?

पळसफूल

ठिपका ताई, बहुतेकदा नाही. कार्ड सही-शिक्क्यासाठी जपलं जातं, आलेखाचं पान कोरंच असतं. मी परवापासून एक सुरू केलंय. वजन झालं की ठिपका आईच्याच हाताने काढून घ्यायचा. पेन धरायला लाजतात, पण एकदा काढला की पुढच्या महिन्यात स्वतःहून विचारतात, "माजा ठिपका वर ग्येला का खाली?"

कोकणकडा

जरा विषयांतर. आमच्या आजीच्या मते मुलाचं वजन करूच नये, नजर लागते. वजनाच्या दिवशी कपाळाला, गालाला, तळपायाला अशी तीन ठिकाणी तीट. तुमच्याकडेही असं आहे का?

पळसफूल

आहे तर! आम्ही वाद घालत नाही. काट्याशेजारी काजळाची डबी ठेवली आहे. वजन झालं की तीट लावूनच मूल खाली उतरतं. त्या दिवसापासून आज्या स्वतः नातवंडं घेऊन येऊ लागल्या.

वैनगंगा

सगळे जिवंत मुलांच्या वजनाबद्दल बोलताय, मी जी गेली त्यांच्याबद्दल लिहिते. तीही माहितीच आहे आणि सगळ्यात जास्त लपते.

मी गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमाराला आमच्या जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. त्यांची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. गावातला एक माणूस जन्म-मृत्यू लिहीत राहायचा आणि सहा महिन्यांनी दुसरी माणसं घरोघर जाऊन स्वतंत्रपणे विचारायची. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोण सुटलं ते कळायचं. त्यातून दिसलं की बाळं प्रामुख्याने पहिल्या महिन्यात जातात. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हा प्रयोग झाला, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला आणि १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही, ते याच कामातून आलं. आधी मोजलं म्हणून कळलं, कळलं म्हणून करता आलं. मीठभाकर दादा, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे.

आता न दिसणारी गोष्ट. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, २१ दिवसांत नोंद करायची असते. पण तीन दिवसांचं बाळ गेलं तर घरचे ग्रामपंचायतीत जातील का? त्याचं नावही ठेवलेलं नसतं. शेताच्या बांधावर पुरतात आणि बाईला दुसऱ्या आठवड्यात कामाला जावं लागतं. बाळ एकदा रडलं, मग गेलं, तरी कागदावर "मेलेलंच जन्मलं" असं होतं. म्हणून विचारताना "किती मुलं आहेत?" असं विचारू नये. "किती वेळा दिवस गेले होते?" इथून सुरू करावं, प्रत्येक बाळंतपणाबद्दल वेगळं विचारावं, "रडलं होतं का?" असं हळू विचारावं. आणि ते विचारणारी गावातलीच बाई हवी. जीपमधून उतरलेल्या माणसाला कुणी हे सांगत नाही.

माझी आई सात बाळंतपणं सांगते, आम्ही चार भावंडं आहोत. बाकी तिघांची नोंद कुठेही नाही.

मीठभाकर

वैनगंगा ताई, काय लिहू कळत नाही. मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. अंड्यांचं मात्र मागे घेत नाही.

वैनगंगा

अंड्यांचं मागे घेऊच नका.

निर्गुडी

मी फिरत्या आरोग्य पथकात डॉक्टर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झाला, त्याखाली आम्ही अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासतो. दोन मुद्दे मांडतो.

एक, रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ६८.९ टक्के आला, देशात ६७.१. त्याआधी २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांत तो ४०.५ होता. दोन-तीन वर्षांत मुलांचं रक्त इतकं घटलं? वयोगट थोडा वेगळा आहे, पण मोठा फरक असा की एकात बोटाला टोचून थेंब घेतला, दुसऱ्यात शिरेतून रक्त घेतलं. गार हाताचं बोट दाबून दाबून थेंब काढला की त्यात पाण्याचा अंश मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. म्हणून कुठलाही आकडा वाचताना तो कसा घेतला ते आधी विचारा.

दोन, बरं असणं. पळसफूल ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये हा शब्द वापरला आणि आपण सगळे वजनातच अडकलो. तपासणीत एक सात वर्षांची मुलगी होती. वजन ठीक, उंची ठीक. शिक्षक म्हणाले, "मठ्ठ आहे, हाक मारली तरी बघत नाही." मी तिच्या पाठीमागे उभा राहून टाळी वाजवली. तिने मान वळवली नाही. कानातून वर्षभर पू येत होता, घरी तेल घालत होते. तिला शाळेत दोन वर्षं "मठ्ठ" म्हणत होते. आमच्या तक्त्यात कानाचा रकाना आहे, पण मूल घाबरतं का, रात्री झोपतं का, खेळायला कुणी आहे का, याला रकानाच नाही. मी आता स्वतःच्या वहीत एक प्रश्न घालतो. प्रत्येक मुलाला विचारतो, "तुझा मित्र कोण?" उत्तर आलं नाही की त्या मुलाजवळ थोडा जास्त वेळ बसतो.

बीडकर_मास्तर

डॉक्टर, "तुझा मित्र कोण" हा प्रश्न मी उद्यापासून हजेरीत वापरणार. फडावरून परतलेल्या लेकरांना पहिले दोन महिने मित्रच नसतो.

अंकगणित

निर्गुडींच्या मुद्द्याला जोडून. चांगली माहिती गोळा व्हायला वर्षं लागतात, पण मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची नोंद सुरू केली. बाळं जन्मली तेव्हा सरासरी वजन २६६५ ग्रॅम भरलं. पण ते तिथे थांबले नाहीत. त्वचेच्या घडीची जाडी मोजली आणि कळलं की बाळ हडकुळं दिसतं, चरबी मात्र तितकीशी कमी नाही. ज्या आया पालेभाजी आणि फळं जास्त वेळा खात त्यांची बाळं मोठी होती, हेही त्याच कामातून दिसलं. पुण्याजवळच्याच वढू परिसरातल्या २२ गावांत २००२ पासून घरोघर नोंदी सुरू आहेत. तीच गावं, तीच कुटुंबं, पुन्हा पुन्हा. लोक दार उघडतात कारण येणारा माणूस ओळखीचा असतो.

टेंभी

पालेभाजी वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, "ह्ये मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं." पावसाळ्यात ती खिचडीत कुरडू नाहीतर शेवगा घालते, पोरं खातात.

पळसफूल

महिन्याने परत आले. मध्ये पाऊस खूप होता.

मुख्यसेविका काकूंनी सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाच पुड्या घेऊन सेविकाताईंकडे गेले. आधीच सांगितलं, "तपासायला नाही आले, आपण दोघींचे काटे मिळवून बघू." माझ्या काट्यावर पाच किलो पाच भरले. त्यांच्या लटकत्या काट्यावर ५ किलो ६००. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मी दोनदा लिहून दिलंय नवा काटा द्या म्हणून." लिहिलेल्या अर्जाची पोचही दाखवली.

म्हणजे ६०० ग्रॅम तर काट्यानेच वाढवले होते. राहिलेल्या फरकाचं त्यांनी आपणहून सांगितलं. मे महिन्यात वजन केलं होतं, त्यानंतर त्या पाड्यावर जाताच आलं नाही. ओहोळाला कमरेएवढं पाणी. जून-जुलैला मेचाच आकडा लिहिला. मे महिन्यात ती मुलगी खरोखर ८.७ च्या आसपास असणार, आम्ही मोजली तेव्हा ८.१. मधल्या काळात तिला दोनदा जुलाब लागले होते, हे आईने सांगितलं, कार्डावर कुठेच नव्हतं.

तिच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. म्हटलं, "नाही ताई, बरं नव्हतं. आम्हाला कळलं नाही." तिने मान हलवली आणि मुलीला पुढे केलं. आता ८.५ आहे. ठिपका तिनेच काढला.

सेविकाताईंनी त्याच दिवशी कार्डावर जून-जुलैच्या ९.३ वर आडवी रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: "वजन झाले नाही. ओहोळाला पाणी." सही केली. नव्या काट्यासाठी आम्ही दोघींनी मिळून तिसरा अर्ज केला आहे, त्याला मिठाच्या वजनाचा फोटो जोडला.

जुनी_मुख्यसेविका

त्या सेविकेला माझ्याकडून साडी पाठवायची आहे, पत्ता खाजगी निरोपात कळव. आणि पुड्या पावसात उघड्या ठेवू नका. सील फुटलं की मीठ पाणी धरतं, वजन वाढतं. दर दोन महिन्यांनी नव्या घ्या, जुन्या मदतनीस बाईंना स्वयंपाकाला द्या.